मूळ वादकांसह

चौघांच्या त्या रॉक बँडमध्ये त्याला सगळे उशीरराव म्हणत. तालमीला तो सर्वांच्या आधी हजर असे. उशीर व्हायचा तो त्याच्या ड्रमवरच्या ठोक्याला. केसभर मागे, पण दर वेळी नेमका तेवढाच. त्यामुळे गाणं आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखं वाटायचं आणि लोक डोलायचे. समीक्षकांनी त्याचं श्रेय गायकाच्या केसांना दिलं, तो भाग वेगळा.

आता गायक वारला होता, गिटारवाला ठार बहिरा झाला होता आणि बेसवाला फक्त वकिलामार्फत बोलत असे. उरला उशीरराव. तो जावयाच्या सायकलींच्या दुकानात पंक्चर काढायचा.

अशात स्वस्तातले अल्बम काढणाऱ्या एका कंपनीतून फोन आला. म्हणजे तेच अल्बम, जे पेट्रोल पंपावर च्युइंगगम आणि गाडीत टांगायच्या अत्तराच्या मधोमध मिळतात: ‘रॉकची अजरामर गाणी, भाग नऊ’. जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क परवडत नव्हते, म्हणून गाणी नव्याने वाजवून घ्यायची होती.

“तुमच्याशिवाय होणारच नाही,” कंपनीचा मालक म्हणाला.

हे वाक्य उशीररावाला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

तो महिनाभर उशी बडवत बसला.

“अहो, कापूस बाहेर आला,” बायको म्हणाली. “आणि मनगट सुजलंय ते?”

“सुजू दे. एकदा रेकॉर्डवर येऊ दे, मग घाल प्लास्टरात.”

“आधी नव्हतं का आलं?”

“आधी लोक त्या गायकाला ऐकायचे. आता तो नाही. आता मला ऐकतील.”

“मेलेल्याशी तरी स्पर्धा सोडा हो,” ती म्हणाली आणि मलम शोधायला गेली.

स्टुडिओत एक सोफा होता, एक कॉम्प्युटर होता आणि त्यापुढे बसलेली रेकॉर्डिंगवाली बाई होती. उशीररावाने चारही कोपऱ्यांत पाहिलं.

“ड्रम कुठेत?”

“झाले की!” मालक प्रेमाने म्हणाला. “ड्रम मशीनचे. गाणं बँकेतल्या एका गृहस्थांनी म्हटलंय. हुबेहूब!”

“मग मी?”

“कव्हरवर ‘मूळ वादकांसह’ छापायचंय. वकील म्हणतो, एक तरी मूळ वादक दाखवा.”

“वादकांसह म्हणजे पुष्कळ झाले ना?”

“आदरार्थी समजा,” मालक म्हणाला आणि त्याने उशीररावाच्या हातात खंजिरी ठेवली.

तडक उठून जावं, असं त्याच्या मनात आलं. पण खंजिरी तर खंजिरी. ठोका तर आपलाच ना? त्याने कानाला हेडफोन लावले आणि सबंध गाणं वाजवलं. शेवटी त्याच्याच अंगावर काटा आला. जमलं होतं. तीस वर्षांनीही ठोका केसभर मागे, जिथल्या तिथे पडला होता.

“छान,” बाई म्हणाली. “जरा मागे पडताय, पण काळजी नको, मी सरळ करते.” तिने माऊस दाबला.

“अहो, ते तसंच आहे!” उशीरराव ओरडला. “गाणं त्यावरच उभंय! मूळचं लावून बघा!”

“मूळचं आपल्याला परवडत नाही, काका,” मालक म्हणाला.

बाई भली होती. “दोन्ही ऐकवते,” ती म्हणाली. “तुम्हीच ठरवा.”

उशीररावाने डोळे मिटले. आधी त्याचं वाजवणं लागलं. मशीन नाकासमोर चाललं होतं आणि मागून खंजिरी, सुटलेल्या बसमागे धावणाऱ्या माणसासारखी. पूर्वी तो मागे राहिला की बेसवाला त्याच्यासाठी रेंगाळायचा, गिटारवाला रेंगाळायचा, गायकसुद्धा शब्द क्षणभर तोंडात धरून ठेवायचा. इथे कुणीच रेंगाळत नव्हतं. नुसती चूक ऐकू येत होती. मग बाईने सरळ केलेलं लावलं. त्यात चूक नव्हती, आणि तोही नव्हता.

“कुठलं ठेवू, काका?”

“दुसरं,” उशीरराव म्हणाला.

“बघा, याला म्हणतात कान!” मालक खूश झाला. त्याने दोन ठिकाणी सह्या घेतल्या, उशीररावाला भिंतीशी उभं केलं, खंजिरी काढून घेतली आणि फोटोसाठी ड्रमच्या दोन काठ्या हातात दिल्या. “जरा जोशात! मारताय असं दाखवा.”

उशीररावाने काठ्या उगारल्या. समोर मारण्याजोगं मालकाखेरीज काही नव्हतं.