उपासातली तंगडी

मेल्चोर इनोहोसाची चित्रं पुढे राजवाड्यात लागली म्हणतात. लागोत बापडी. आमच्या त्रियाना वस्तीत मात्र तो अजून ओळखला जातो तो डुकराच्या तंगडीमुळे.

तेव्हा तो दारूच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चर्चच्या वेदीमागे संत रोकेचं मोठं चित्र लावायचं ठरलं, तेव्हा पाद्री डॉन अन्सेल्मो त्याला म्हणाले, "एखादं ताजं चित्र दाखव. पटलं तर काम तुझं." नाही पटलं तर जन्मभर पाट्याच.

मेल्चोरची एक खोड होती. वस्तू समोर असल्याशिवाय त्याचा हात चालत नसे, आणि समोर जे असेल तेच कुंचल्यातून उतरे. म्हणून सासऱ्यांनी डोंगरातून पाठवलेली, खारवून वाळवलेली तंगडी त्यानं खिडकीपाशी टांगली. आणि दिवस कुठले, तर ईस्टरआधीच्या उपासाचे. मांसाचं नुसतं नाव काढलं तरी बायका छातीवर क्रूस काढायच्या.

"अहो, ही बघायची आहे," त्याची बायको कासिल्दा म्हणाली. "फक्त बघायची."

"चित्रकार बघतोच, कासिल्दा."

घरात रोज उकडलेले चणे. एका दुपारी कासिल्दा नदीवरून धुणं घेऊन आली आणि चित्रापुढे थबकली. चित्रातल्या तंगडीचा एक काप गायब. आत गुलाबी मांस, कडेला पांढरी चरबी, शेजारी सुरी. तिनं खऱ्या तंगडीकडे पाहिलं. तिथंही तेच.

"खाल्लीत ती खाल्लीत, वर चित्रही काढून ठेवलंत?"

"आधी नव्हतं काढलं. पण मग तंगडी एक आणि चित्र भलतंच दिसायला लागलं."

एवढ्यात डॉन अन्सेल्मो गल्लीच्या तोंडाशी दिसले. समोरच्या तोरिबियाबाईंनी आधीच चुगली केली होती. कासिल्दानं तंगडी कोपऱ्यातल्या रिकाम्या पाळण्यात कोंबली, वर दुपटं ओढलं.

"बुजवा ते. मारा एक तपकिरी फटकारा."

मेल्चोरनं मारला. मागे सरकून पाहिलं, तर विजारीला लावलेलं ठिगळ. जिन्यावर पावलं वाजू लागली. एवढं ठिगळ राहू दिलं की वेदी आपली, हे त्याला कळत होतं. त्यानं फडकं घेतलं आणि रंग पुसून टाकला.

"घरात मांस आहे म्हणे," पाद्री म्हणाले.

"चित्रात आहे, फादर," कासिल्दा म्हणाली.

त्यांनी नाक चित्राला टेकायचं बाकी ठेवलं. "हा काप कुणी घेतला?"

"मांजरानं."

"मुली, तुझं मांजर सुरीनं खातं?"

"हुशार आहे हो ते."

मेल्चोर पुढे झाला. "मी खाल्ला, फादर. बुजवून पाहिलं. पण मग तंगडी लाकडाची दिसते."

कासिल्दानं डोळे मिटून घेतले. गेली वेदी.

पाद्री बराच वेळ चित्र बघत राहिले. त्यांचा कंठमणी एकदा वर जाऊन खाली आला.

"संत रोकेच्या मांडीला जखम असते," ते म्हणाले. "मागच्या चित्रकारानं ती गुलाबाच्या फुलासारखी काढली होती. ज्याला स्वतःचं पाप बुजवता येत नाही, तो माझ्या संताची जखम तरी कशाला बुजवेल? काम तुझं. आणि ईस्टरपर्यंत तुला कोरडा पाव आणि पाणी. चणेसुद्धा नाहीत. पाळण्यातलं बाळ माहेरी पाठवून दे, मुली. चित्र मी जप्त करतो."

ते चित्र त्यांच्या जेवणाच्या मेजासमोर लागलं. त्यांची स्वयंपाकीण तेक्ला सांगायची, त्या उपासात फादरनी उपासाला चालणाऱ्या मासळीचाही हट्ट धरला नाही. पावाचा घास तोंडात, नजर तंगडीवर. तोंडी लावायला तेवढं पुरायचं.