शेवटची वीत

“मिस्त्रीकाका, जरा थांबा तरी. घाम बघा किती आलाय.”

“घामाचं काय घेऊन बसलात, मॅडम,” मिस्त्री म्हणाले आणि दोन्ही अंगठे टायरच्या कडेखाली रोवून त्यांनी पुन्हा जोर लावला. टायर जागचा हलला नाही.

समोरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई दुकानाच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. रविवारी त्यांची शंभर किलोमीटरची सायकल शर्यत होती आणि आज शुक्रवार. त्यांच्या रोड बाइकची दोन्ही चाकं मिस्त्रींच्या पायाशी पडली होती आणि कुठून कुठून मागवलेले दोन कोरे टायर त्यांच्या उरावर बसले होते. पुढच्या चाकाचा टायर सगळा चढला होता. राहिली होती फक्त वीतभर कड. ती वीत सकाळपासून मिस्त्रींचा अंत पाहत होती. उजवीकडून ढकलावं तर डावीकडून बाहेर, डावीकडून दाबावं तर उजवीकडून. साबणाचं पाणी झालं, टायर उन्हात तापवून झाला, शिव्यांचा साठाही बाई समोर असल्यामुळे अर्ध्यावर थांबवावा लागला होता.

“ज्या शहाण्यानं हा टायर बनवला ना, त्याला एकदा इथे आणून बसवा,” मिस्त्री म्हणाले. “म्हणावं, घे, चढव आता तूच.”

“अहो, मग लिव्हर वापरा ना. आम्हीसुद्धा दात काही बोटांनी उपटत नाही.”

काउंटरवर मिस्त्रींची बायको सायकलचे छर्रे मापाप्रमाणे वेगळे करत बसली होती. तिचा हात थांबला. या दुकानात कुणी हा शब्द काढत नसे.

कारण सबंध गल्लीत मिस्त्रींना अंगठाबहाद्दर म्हणत. सही ते झोकात करायचे, त्याचा प्रश्न नव्हता. पण लिव्हरनं, त्या चपट्या लोखंडी पट्टीनं, टायर फक्त काढायचा, चढवायचा तो अंगठ्यांनी, हा त्यांचा बाणा होता. “ज्या दिवशी टायर चढवायला मला लोखंड लागेल, त्या दिवशी शटर खाली,” हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षांत इतक्यांदा आणि इतक्या लोकांसमोर ऐकवलं होतं की आता ते मागे घ्यायची सोय राहिली नव्हती. त्यात गेल्या वर्षापासून अंगठ्यांची मुळं सुजायला लागली होती. सकाळी शर्टाची बटणं लावायची तर बायकोला हाक मारावी लागे. ते बाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि होऊ द्यायचंही नव्हतं.

“एका पेशंटला भूल देऊन आलेय,” डॉक्टरीणबाई घड्याळ बघत म्हणाल्या. “आतापर्यंत गाल बधिर झाला असेल त्याचा. जाऊन येते.”

त्या रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरेपर्यंत मिस्त्री बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून छर्रे मोजत होती. मिस्त्रींनी हळूच खण उघडला, लिव्हर काढली, चाक घेऊन कपाटाआड गेले आणि तिचं टोक त्या वीतभर कडेखाली सरकवलं. एक हिसका दिला. टायर चढला.

आणि आतून बारीक सुस्कारा सुरू झाला.

“अहो,” बायको तिकडूनच म्हणाली, “ती ट्यूब रडतेय.”

मिस्त्रींनी टायरवर तळहात दाबून धरला.

“चावली ना लिव्हर? मग शटर खाली घेऊ का?”

“तू तुझे छर्रे मोज.”

“मोजून झाले कधीच. दुसऱ्यांदा मोजतेय.” ती उठून आली आणि चाकाकडे बघत उभी राहिली. “आता दुसरी ट्यूब फाडणार, मग तिसरी. इतकी वर्षं बघतेय मी. अडलं की तुम्ही जोर करता. भाऊजी काय सांगत होते, ते एकदा तरी करून बघायला काय जातं तुमचं?”

“त्याचं नाव काढायचं नाही या दुकानात.”

“नाव कुठे काढलं? भाऊजी म्हटलं.”

मिस्त्रींनी टायर उतरवला, फाटकी ट्यूब बाहेर खेचली आणि बाकावर आपटली. राग बायकोचा नव्हता, टायरचाही नव्हता. नऊ वर्षांपूर्वी याच बाकाशी त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या स्टुलावर बसायचा. दोघांनी मिळून दुकान उभं केलं होतं. असेच घट्ट टायर तेव्हा नुकते यायला लागले होते, आणि एक दिवस दुकान भरलेलं असताना, पाचसहा गिऱ्हाइकांच्या देखत धाकटा म्हणाला होता, “दादा, तू उलटं करतोस. व्हॉल्व्हपासून सुरुवात नको. व्हॉल्व्ह शेवटाला ठेव.”

मिस्त्रींनी जन्मभर हवा भरायच्या व्हॉल्व्हपासूनच सुरुवात केली होती. तसंच शिकले होते, जुन्या सायकलींना तसंच चालायचं. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी हसलं. “जास्त कळतं ना तुला? मग काढ वेगळं दुकान,” मिस्त्री म्हणाले, “आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस.” धाकट्यानं हातातला पाना जागेवर टांगला, हात पुसले आणि तो गेला. पुलापलीकडे त्यानं खरंच वेगळं दुकान काढलं. वीतभर रबरापायी सख्खे भाऊ तुटले, हे कुणाला सांगायचीही लाज वाटावी अशी गोष्ट होती, म्हणून मिस्त्रींनी ती कुणाला सांगितलीच नाही.

“दे ती नवी ट्यूब,” ते अखेर म्हणाले.

त्यांनी चाक मांडीवर आडवं घेतलं, टायरची एक कड रिममध्ये बसवली, ट्यूबमध्ये फुंकर मारून ती आत सरकवली. मग चाक फिरवून व्हॉल्व्ह स्वतःच्या पोटाशी आणला आणि त्याच्या बरोबर समोरून, अगदी दुसऱ्या टोकापासून, राहिलेली कड आत घालायला सुरुवात केली. हाताला हे सगळं परकं वाटत होतं, डाव्या हातानं सही करावी तसं. दोन्ही बाजूंनी चढवत ते व्हॉल्व्हपाशी आले. पुन्हा तीच वीत राहिली.

“बघ. तेच झालं,” ते बायकोवर खेकसले.

“ती कड रिमच्या मधल्या चरात पाडायची, म्हणायचे ना भाऊजी? तिकडे खोल आहे, म्हणजे इकडे सैल पडतं.”

मिस्त्रींनी चाक जमिनीवर उभं केलं. तळाकडून दोन्ही हातांनी टायर चिमटत, कड मधल्या चरात पाडत, मिळेल तेवढी ढील वर ओढत आणली. व्हॉल्व्ह आत ढकलून सोडला. मग दुखरे अंगठे टेकवले. जोर करायच्या तयारीनं त्यांनी दात आवळले होते, पण त्याची गरज पडली नाही. कड गुपचूप आत गेली.

मिस्त्री चाकाकडे बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. नऊ वर्षं. एवढ्याशा गोष्टीसाठी नऊ वर्षं.

“त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?”

बायकोनं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

“हां, वहिनी, बोला.”

“वहिनी नाही. मी आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“टायर चढला,” मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांनी बोलायला त्यांना एवढंच सुचलं.

“कुठला?”

“रोड बाइकचा. नवा आहे. घट्ट.”

“सुरुवात कुठून केलीस?”

नेहमीसारखी, असं मिस्त्रींच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. “व्हॉल्व्हच्या समोरून.”

धाकटा हसला नाही. “अंगठे दुखतायत का रे, दादा?”

“दुखतात.”

“गरम पाण्यात धरत जा.”

“तुझं दुकान कसं चाललंय?”

“बंद केलं. मागच्या वर्षीच. उजव्या हाताला कंप सुटतो, पाना धरवत नाही.”

“मग मला कळवायचं नाही?”

“तू म्हणाला होतास ना, तोंड दाखवू नकोस.” तो हे रागानं बोलला नाही, साधं सांगितलं, आणि म्हणूनच मिस्त्रींना ते फार लागलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. त्या घरातलं काही मला सांगायचं नाही, असं तिला बजावणारे तेच होते.

“उद्या मागचं चाक करायचंय,” ते फोनमध्ये म्हणाले. “दहाला ये.”

“मी येऊन काय करू? हात चालत नाही म्हटलं ना.”

“हात लावू नकोस. नुसता बस आणि सांग.”

“आणि तू ऐकणार?”

“ऐकेन.”

“गिऱ्हाइकांसमोर?”

मिस्त्रींनी घसा खाकरला. “गिऱ्हाइकांसमोर.”

डॉक्टरीणबाई दात उपटून परत आल्या तेव्हा पुढचं चाक हवा भरून तयार होतं. त्यांनी ते गरगर फिरवून पाहिलं. “वा. अंगठ्यांनीच?”

“दुसऱ्यांदा अंगठ्यांनी. पहिल्यांदा लिव्हर घातली, ट्यूब फाटली,” मिस्त्री म्हणाले. काउंटरवर छर्रे सांडल्याचा आवाज झाला.

“बरं. मग मागचंही करून टाका ना. आता काय, पाच मिनिटांचं काम.”

“मागचं उद्या. दहा वाजता या आणि थोडं थांबा. आणखी कुणी मैत्रीण असेल तर तिलाही आणा.”

“कशाला?”

“आणा हो.”

त्या वैतागून गेल्या. मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या दुसऱ्या स्टुलावरची खोकी एकेक करून उतरवली. ती तिथे इतकी वर्षं होती की स्टुलाचा रंग खाली नवा राहिला होता. पुसून झाल्यावर त्यांनी ते बाकापाशी, आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं. एक पाय डगमगत होता. त्यांनी मघाची फाटकी ट्यूब घेतली, तिचा तुकडा कापून घडी केली आणि पायाखाली सरकवली. मग स्वतः त्यावर बसून, पुढेमागे झुकून, ते हलत नाही ना याची दोनदा खात्री करून घेतली.