तळ्यावरची हाक

उत्तरेच्या टोकाला असा एक मुलूख होता, की तिथं झाडंसुद्धा अंग चोरून उभी राहत. कोल्हे पांढरे, ससे पांढरे, घुबडं पांढरी. काळा म्हणाल तर तळ्याकाठी राहणाऱ्या म्हातारीच्या चुलीचा धूर तेवढा. आणि हिमगवे! खोपटाएवढी केसाळ जनावरं, पण स्वभावानं गरीब. कडाका पडला की गोठलेल्या तळ्याच्या मधोमध जाऊन झोपायची. पायाखाली बर्फ कुरकुरतो म्हणून लांडगे तिकडं फिरकत नसत. वरून बर्फ साचून त्यांच्या टेकड्या होत, आणि माथ्यावरच्या भोकातून वाफ निघाली की समजायचं, आत कुणीतरी सुखानं घोरतंय.

बर्फ फुटायच्या आत त्यांना उठवणं हे म्हातारीच्या नवऱ्याचं काम. नाही उठवलं तर अख्खा कळप तळ्याच्या पोटात. आणि तो तर ऐन थंडीत गेला. झोपला तो उठलाच नाही.

आता तळं तडकू लागलं होतं. दीर घसरगाडी घेऊन आला होता. त्यानं शिंग फुंकलं, पातेली बडवली, टेकड्यांवर फावडी आपटली. कळप ढाराढूर.

"माझा घसा बसला, वहिनी. दादाच्या आवाजात काय जादू होती, देव जाणे. चला आता माझ्याकडे. जनावरांचं नशीब जनावरांपाशी."

"काहीतरीच काय बोलता, भावोजी! पोटच्या पोरांसारखी वाढवलीत त्यांनी. त्यांच्यामागे माझं दुसरं आहे कोण?"

दीर गाडीला कुत्रे जुंपायला गेला. म्हातारी एकटीच बर्फावर उतरली. नवऱ्याची लांबलचक 'होऽऽ हुर्रऽऽ' हाक तिला तोंडपाठ होती; तीच तिनं दिली. तोच चढ, तोच उतार, शेवटचा तोच खाकरा. एक घुबड तेवढं उडालं.

तेवढ्यात पायाखाली कडाड्कन आवाज झाला आणि थंडगार पाणी बुटात शिरलं. आणि म्हातारीचं डोकं फिरलं. जनावरांवर नाही, नवऱ्यावर! सगळी थंडी ती गप्प होती, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

"अहो!" ती किंचाळली. "अहो, ऐकू येतंय का? चहा निवला! कान फुटलेत का तुमचे? किती हाका मारायच्या माणसानं?"

आणि ती हमसून हमसून रडू लागली.

पहिली टेकडी हलली. मग दुसरी. बर्फ झाडत म्होरकी गाय उठली, तिनं कान टवकारले, आणि मागोमाग सगळा कळप उभा राहिला.

आता बोला! दरवर्षी म्हातारा सकाळपासून तळ्यावर घसा फोडायचा, आणि दुपारी ही दारातून ओरडायची, "अहो, चहा निवला!" तो कळप घेऊन ऐटीत परतायचा. "बघितलंस? आवाज लागतो त्याला!" जन्मभर मिशीला पीळ देत राहिला बिचारा. हिलाही ते खरंच वाटायचं.

कळप दडदडत काठाला लागला आणि मागं तळ्याच्या चिरफळ्या उडाल्या. दीर धावत आला. "वहिनी! कोणती हाक दिलीत?"

म्हातारी जनावरांकडे बघत होती. काठावर कोवळं गवत फुटलं होतं, सगळी उपाशी होती, पण एकही तोंड लावेना. सगळी माना वळवून तळ्याकडे बघत उभी होती. दरवर्षी त्या हाकेनंतर सगळ्यांच्या मागून तो यायचा ना.

तीही बघत राहिली. बराच वेळ. मग तिनं दाराआडची त्याची काठी आणली आणि म्होरकीच्या पाठीवर हलकेच टेकवली.

"चल गं बाई, चर आता," ती म्हणाली. "ते नाही यायचे."