सेलच्या कपाटामागची झोप

आमच्या शाजिंगमध्ये, या कारखान्यांच्या वस्तीत, गोड वासाला कोणी भीत नाही. गल्लीगल्लीत ई-सिगारेटी बनतात, त्यामुळे हवेत कुठे आंबा, कुठे लिची, कुठे कलिंगड. बॅटरीचा सेल गळला, तर त्यालाही गोडच वास येतो. गेल्या महिन्यात दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्या कारखान्यातल्या लानयिंगने "सेल गळतोय" म्हणून सगळ्यांना उठवलं, आणि निघालं काय, तर शेजारच्या गोदामात लिचीच्या अर्काचं पिंप उलटलेलं. तेव्हापासून तिचं नाव लिचीताई पडलं.

बॅटरीवर छापलेली ताकद खरी की खोटी, हे बघणं तिचं काम. सेल सोलून काढायचा, तपासणीच्या कपाटातल्या चिमट्यांना लावायचा, पूर्ण भरायचा, पूर्ण रिकामा करायचा, मग खरा आकडा पडद्यावर येतो. त्या दिवशी मॅनेजर पेंगने नव्या पुरवठादाराचा माल आणला. वर छापलं होतं हजार.

लानयिंगने सेल तळहातावर घेतला. "साहेब, हा हलका लागतोय."

"हल्ली हलकेच येतात. तुझा हात काय सोनाराचा काटा आहे?"

"मग सावकाश भरते. संध्याकाळपर्यंत होईल."

"गिऱ्हाईक संध्याकाळच्या आत येतंय. छापील आकड्यावर लाव, रीत आहे तशी."

रीत अशी, की सेल किती जोराने भरायचा ते छापील आकड्यावरून ठरतं. जो आकडा तपासायचा, तोच आधी खरा धरायचा. यात काही विचित्र आहे असं इथे कोणाला वाटलं नव्हतं. लानयिंगलाही नाही. तिने बटण दाबलं.

दुपारची जेवणं झाली, झोपेसाठी दिवे मालवले, सगळ्यांनी घडीच्या खाटा उघडल्या. जानेवारीची ओली थंडी हाडात शिरत होती. लानयिंगची धाकटी बहीण चुन्नी हिने आपली खाट ओढत नेऊन कपाटामागच्या फटीत घातली. तिथे कपाटाचा पंखा गरम वारा सोडतो.

"तिथे नको झोपू गं."

"का? भाडं घेणारेस कपाटाचं?"

"चुन्नी, ऐक जरा."

"ताई, गावाकडून मला या गारठ्यात तूच आणलंस. आता ऊब तरी घेऊ दे." आणि ती कुशीवर वळली. तिचा डावा कान पत्रे ठोकायच्या खात्यात कामातून गेलेला. उजवा उशीत गेला की तिच्यापुढे ढोल वाजवले तरी फरक पडत नाही.

लानयिंगचा डोळा लागत होता, तेवढ्यात वास आला. गोड. नखांच्या रंगासारखा, किंचित घशात बोचणारा. ती पडून राहिली. अननस असेल, तिने स्वतःला समजावलं. परत सगळ्यांना उठवलं तर वर्षभर हसतील. पण अननस घशात बोचत नाही. 

ती अनवाणीच उठली. झोपलेल्यांच्या खाटांमधून चाचपडत कपाटापाशी गेली. हिरवा दिवा शांतपणे जळत होता, म्हणजे वीज आत जातच होती. त्या उजेडात तिला सेल दिसला. सकाळी बिस्किटासारखा चपटा होता, आता न पेलणाऱ्या जोराने भरून उशीसारखा टम्म फुगलेला. आणि कपाटाच्या उघड्या फळीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, चुन्नीचे केस.

तिने मुख्य बटण बंद केलं. दिवा विझला, पण सेल तडतडायला लागला. सेलला बटणाशी काय घेणं.

"चुन्नी." तिने हाक मारली. "चुन्नी, ऊठ."

चुन्नी घोरत होती.

फटीत फक्त पायांच्या बाजूने शिरता येत होतं. लानयिंग कोणाच्या तरी पोटावर पाय देऊन पलीकडे गेली. तो माणूस झोपेतच म्हणाला, "लिचीताई, आज कुठलं फळ?" तिने चुन्नीचा मोज्यातला घोटा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. खाट कलंडली, चुन्नीने दुसऱ्या पायाने तिच्या छातीवर लाथ मारली, आणि त्याच क्षणी फळीवर फूस झालं. पांढरा धूर, मग आग. ज्या उशीवर चुन्नीचं डोकं होतं, ती पेटली.

मग सगळेच उठले. कोणी वाळूची बादली ओतली, कोणी खोकत दार उघडलं, आणि खाटा तुडवत सारे बाहेर अंगणात आले. पेंग सगळ्यात शेवटी आला. धुराने त्याचे डोळे वाहत होते. दाराकडे बघत हळूच म्हणाला, "आकडा किती आला होता?"

लानयिंगने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकाला आज येऊ नका म्हणून सांगत लांब गेला.

चुन्नी पायरीवर बसली होती. कपाळावरचे केस जळून आखडले होते, आणि ते तिला अजून माहीत नव्हतं.

"ताई, मोजा दे माझा. पाय गारठला."

लानयिंगने खाली बघितलं. मोजा तिच्या मुठीत होता. तिला द्यायचा होता, पण मूठ उघडेना.

"अगं दे ना."

"देते," लानयिंग म्हणाली. "थांब जरा."