बाटलीतलं निळं पाणी

माझा संशयी स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. डेअरीत दूध मोजणारा माणूस मी आले की आधी रिकामं माप उलटं करून दाखवतो, मगच भरतो. ज्याच्या दावणीला वीस जनावरं आहेत त्याने डोळे मिटून बसू नये, एवढंच माझं म्हणणं. आमचे हे म्हणतात, "तू आरशातल्या बाईलासुद्धा विचारशील, कुठे निघालीस म्हणून." म्हणोत बापडे.

आमचं कुरण पूर्वी एकच होतं. सासरे गेल्यावर मधे तार आली. वरचा उतार आमच्याकडे, खालची सपाटी धाकट्या दिराकडे. भावाभावांचं काही बिनसलेलं नाही, ते दोघे अजून तारेच्या अल्याडपल्याड खोकी टाकून पत्ते कुटतात. बिनसलं ते माझं आणि धाकटीचं, म्हणजे माझ्या जावेचं. कशावरून विचाराल तर दुधाच्या एका किटलीवरून, आणि ती किटली नक्की कुणाची हे आजतागायत ठरलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या उतारावर गवत खुरटलं, मधेमधे शेवाळ धरलं. माती आंबट झाली की असं होतं, ते मला कुणी शिकवायला नको. मी चुना मागवला आणि सगळ्या उतारावर पसरला. पुढच्या वर्षी पुन्हा पसरला, म्हटलं एकदा टाकून एवढं, तर दोनदा टाकून किती! गवत असं तरारून आलं की तारेपलीकडचं कुरण त्याच्यापुढे पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं दिसायला लागलं. महिनाभर मी मान ताठ ठेवून फिरले.

आणि त्याच वर्षी आमच्या काळ्याभोर गाई भुरकट पडायला लागल्या. अंगावरचे केस राठ, गंजल्याच्या रंगाचे. डोळ्यांभोवती करडी वर्तुळं, जसं काही सगळ्यांना चष्मे लागलेत. शेण पातळ, वासरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. गुडघाभर गवतात उभ्या राहून माझ्या गाई वाळतात, आणि पलीकडे त्या खुरट्या गवतावर धाकटीच्या गाई तुकतुकीत! तुम्हीच सांगा, कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

त्यात ती एक दिवस डेअरीच्या रांगेत माझ्या मागे येऊन म्हणाली, "ताई, रागावू नका. तुमच्या गाईंना तांबं कमी पडतंय. बाबांच्या दवाखान्यात अशी जनावरं यायची." तिचे वडील जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर नव्हे, कंपाउंडर.

मी म्हटलं, "तांबं कमी पडत नाही गं, तुझी नजर जास्त पडतेय."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. माझा शब्द बरोबर बसला म्हणून मी दिवसभर खुशीत होते, खोटं कशाला सांगू?

पुढे सहा-सात महिन्यांत गाई जरा सुधारल्या. नवे केस काळे यायला लागले. मी पेंड बदलली होती, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे की हा माझ्या पेंडीचा गुण. पण एक गोष्ट मला खटकत होती. गाईंचा पाण्याचा हौद अगदी तारेला लागून होता, आणि धाकटी दुपारची उगाच त्या कोपऱ्यात घोटाळायची. आमच्या ह्यांना म्हटलं, लक्ष ठेवा. ह्यांनी झाडाखाली बसून असं लक्ष ठेवलं की घोरणं मला गोठ्यापर्यंत ऐकू आलं. शेवटी मी स्वतःच गवताच्या गंजीमागे जाऊन बसले.

चौथ्या दुपारी ती आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पदराखालून बाटली काढली, बाटलीत निळंशार पाणी. तारेतून हात घालून झाकणाने मोजून हौदात ओतलं, काठीने ढवळलं आणि चालायला लागली.

ओरडावं असं वाटलं, पण मी ओरडणारी नव्हे. पुरावा हवा. ती गेल्यावर मी हौदातलं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरलं, वर तारीख लिहिली आणि माळ्यावर ठेवून दिली. हौद उपसून टाकला. गाईंसाठी नवं टाकं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसवलं, जिथे माशी आली तरी मला दिसेल. ह्यांना काही सांगितलं नाही. पत्त्यांच्या डावात ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

तीन-साडेतीन महिने गेले. गाई पुन्हा भुरकट. मला वाटलं, आधी घातलेलं विष आता अंगावर फुटतंय. आमच्यात एक गाय होती, तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण तिच्या मागे बाकीच्या ओळीने चालायच्या आणि कुणी ओळ मोडली की ही शिंगं दाखवायची. एका सकाळी उतार चढताना मास्तरणीने मान वर केली, एकदाच हंबरली आणि जागच्या जागी कोसळली. मी धावत पोचेपर्यंत संपलं होतं. चौदा वर्षं माझ्या हातची गाय! तिच्या मानेला मिठी मारून मी तिथेच बसून राहिले, आणि उठले ती सरळ डेअरीत गेले.

सगळ्यांसमोर सांगितलं. धाकटीने माझ्या हौदात विष कालवलं, माझ्याकडे पाणी आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. चेअरमननी तिला बोलावून विचारलं, "बाटली होती का?"

ती म्हणाली, "होती. मोरचूद होतं, तांब्याचं. औषध म्हणून घालत होते."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही." दीर तिच्याकडे बघतच राहिला, त्यालाही ठाऊक नव्हतं. झालं! मोरचूद म्हटल्यावर बाया दोन पावलं मागे सरकल्या. जी दुसऱ्याच्या हौदात घालते ती दुधात काय घालेल? असं मीच म्हटलं. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तिचं दूध घ्यायचं नाही आणि विष ठरलं तर नाव कायमचं कापायचं, असा ठराव झाला. दुसरी डेअरी आमच्याकडे नाही. नाव कापणं म्हणजे त्यांनी गाई विकायच्या आणि दुसरीकडे कुठेतरी चाकरीला जायचं.

जनावरांच्या डॉक्टरांनी मास्तरणीच्या काळजाचा, म्हणजे यकृताचा, तुकडा काढून घेतला, पाच गाईंचं रक्त घेतलं. माती, गवत आणि पाणी प्रयोगशाळेत मी स्वतः नेऊन दिलं. दुसऱ्याच्या हाती दिलं आणि वाटेत बदललं तर?

अकराव्या दिवशी दुपारी चारला डेअरीत बैठक होती. मी सकाळीच रिपोर्ट घ्यायला गेले. लांबच लांब खोली, टेबलांवर कागद अंथरून त्यावर माती वाळत घातलेली, प्रत्येक ढिगाला चिठ्ठी. तिथली बाई चष्मा कपाळावर चढवून आली आणि आल्या आल्या माझ्यावरच घसरली.

"माती जस्ताच्या बादलीत आणलीत ना? आता तुमच्या मातीत जस्त किती आणि बादलीचं किती, ते मी कसं सांगू?"

"जस्त राहू द्या हो," मी म्हटलं, "विषाचं सांगा."

तिने चार कागद पुढे ठेवले. पहिला पाण्याचा. "पाण्यात तांबं आहे. साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ."

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. मातीचा एक ढीग हलला.

"थांबा. मातीत तांबं पुरेसं आहे. गवतातही आहे. म्हणजे गाईच्या पोटात जातंय. पण रक्तात बघा, जवळजवळ नाही. मधे कुणीतरी अडवतंय."

"तेच तर मी सांगतेय! कोण?"

"मॉलिब्डेनम."

"हे कोण?"

ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "धातूच आहे. तुमच्या मातीत मुळातच आहे, पण माती आंबट असेपर्यंत गवताला फारसं मिळत नाही. कुरणावर चुना टाकलात का?"

"दोनदा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"एकदाच पुष्कळ झाला असता, तोही माती तपासून. आंबटपणा गेला, तसं मॉलिब्डेनम गवतात चढलं. गाईच्या पोटात ते तांब्याला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आणि हा शेवटचा कागद, तुमच्या मेलेल्या गाईच्या काळजाचा. तांब्याचं विष झालं असतं तर काळीज तांब्याने भरलेलं सापडलं असतं. इथे काहीच नाही. ती तांब्यावाचून मेली. अशा गाईंचं हृदय चालता चालता बंद पडतं."

मी चारही कागद एकत्र करून टाचणी लावली.

"पाण्यातलं प्रमाण बघता, हौदात घालणाऱ्याने गाईंच्या संख्येवर माप धरलं होतं," ती म्हणाली. "न विचारता घालणं चूकच, जास्त झालं तर गाई मरतात. पण ज्याने कुणी घातलं, त्याने त्यांना जगवलं. मग बंद का केलं?"

"मी केलं," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत चारही कागद मांडीवर होते. मनात काय आलं ते सांगते, आता लपवून काय करू? पहिल्या कागदावर एवढंच होतं, पाण्यात तांबे आढळले. तेवढा एक कागद दाखवला असता तर माझी फिर्याद खरी ठरली असती. मास्तरणीला मी मारलं हे कुणाला कळलं नसतं, आणि आयुष्यभर बारीक नजरेची बाई म्हणून मी मिरवले असते. मी टाचणी काढली. पहिला कागद हातात घेतला, बाकीचे तीन पिशवीच्या तळाशी घातले, वर भाजीची जुडी ठेवली. घातले म्हणजे घातले. माझ्या हातांनीच.

डेअरीच्या खोलीत सगळे जमले होते. आमचे हे कोपऱ्यात, दीर त्यांच्या शेजारी, पण दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. तेवढ्या अकरा दिवसांत पत्तेही थांबले होते. धाकटी दाराजवळ उभी होती. मला वाटलं, मला बघून ती तोंड फिरवेल. ती दोन पावलं पुढे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, बाकीच्या उभ्या आहेत ना?"

"कोण?"

"गाई."

तिचं नाव कापायची वेळ आली होती, आणि ती माझ्या गाई विचारत होती! चेअरमन म्हणाले, "आणा तो कागद." मी भाजीची जुडी टेबलावर काढून ठेवली, खालचे तीन कागद काढले आणि चारही त्यांच्यापुढे टाकले.

"मीच सांगते," मी म्हटलं. "हिने औषध घातलं, विष नाही. कुरण मी बिघडवलं, दोनदा चुना टाकून. हिने मला तांबं कमी आहे म्हणून सांगितलं होतं, याच रांगेत, तुम्ही सगळ्या हसलात आणि मीही हसले. हिने गाई जगवल्या आणि मी हौद हलवून एक मारली. आणि हे तीन कागद मी लपवून ठेवणार होते, तेही लिहून घ्या."

चेअरमननी कागद वाचले, ठराव रद्द केला, उद्यापासून दूध सुरू असं सांगितलं आणि धाकटीला एवढंच बजावलं की पुन्हा कुणाच्या हौदात न विचारता काही घालायचं नाही. ती मान हलवून बाहेर पडली. मी मागे धावले. रस्त्यावर तिला गाठून तिचा हात धरला.

"चुकले गं मी. डॉक्टर उद्या औषध देतील, पण मला दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा नाही. तू येऊन घालत जा. समोरच्या दाराने ये, उजळ माथ्याने. गाई तुझ्या हातच्या आहेत."

तिने हात सोडवून घेतला नाही. रागावलेली असती तर बरं झालं असतं, मला रागावलेल्या माणसाशी बोलता येतं.

"नाही, ताई," ती म्हणाली. "चोरून घालत होते तेव्हा मला तुमची भीती नव्हती वाटत. उद्या एखादी गाय म्हातारपणाने मेली, तर तुमच्या मनात पहिलं काय येईल?"

नाही येणार, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि मला खोटं बोलता आलं नाही. मग तिने हळूच हात सोडवला आणि दिराबरोबर घराकडे गेली.