डाव्या पायाची गाडी

जुंबेरच्या गॅरेजात व्हॅनची ऑटोमॅटिक गिअरपेटी साखळीला लटकत खाली आली, तेव्हा लुखुमीनं छाती फुगवून बायकोकडं पाहिलं. जसं काही अस्वलच मारून आणलंय.  दारोचं लक्ष पेटीकडं नव्हतंच. ड्रायव्हरच्या सीटपुढं जुंबेरनं आणखी एक पेडल बसवलं होतं, क्लचचं, आणि ती त्याच्याकडं बघत होती.

ही जपानी डिझेल व्हॅन, चारही चाकांना जोर असलेली, बारा वर्षं त्यांच्या घरात होती. खाली अल्वानी गावातून वर डोंगरातल्या ओमालोला माणसं, पिठाची पोती, चीज, कधी आजारी मेंढरूसुद्धा नेऊन पोचवायचं, हा लुखुमीचा धंदा. मध्ये अबानोची खिंड. तो रस्ता म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये जेमतेम गाडीपुरती जागा. जिथं जिथं कुणी ड्रायव्हर दरीत गेला, तिथं तिथं त्याच्या नावाचा दगड उभा आहे. दगडाच्या कोनाड्यात बाटली असते आणि पेला असतो. उतरणाऱ्या ड्रायव्हरनं थांबायचं, मेलेल्याच्या नावानं एक पेला रिचवायचा आणि मग पुढं जायचं. न थांबता जाणाऱ्याचं तोंड गावात कुणी बघत नाही.

आता दगड काय एकदोन आहेत? खाली पोचेपर्यंत भला माणूसही डोलायला लागतो. कुणाला हे उफराटं वाटत नाही, हेच मोठं नवल.

दारोला वाटलं. तिनं नवऱ्याशी वाद घातला नाही. त्याचा उपयोग नाही हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. ती गाडी शिकली. ऑटोमॅटिकच होती, एक पाय पुरायचा. दुसऱ्या दगडापाशी लुखुमी डोलायला लागला की ती चावी घ्यायची, तो बाजूला बसून गाणी म्हणायचा, आणि दोघं जिवंत घरी यायची. किती वर्षं असं चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते लोकांच्या जिभांमुळं. जिभेला हाड नसतं, आणि ड्रायव्हरांच्या जिभेला तर मुळीच नाही. त्यात नुगझार म्हणजे कहर. "काय लुखुमी, आज भाड्यात सूट आहे का? बायको गाडी चालवते म्हणजे तू पण पाहुणाच!" सगळे हसायचे. लुखुमीही हसायचा, पण घरी आल्यावर दार आपटायचा.

मग मागच्या ऑक्टोबरात लुखुमीचा धाकटा भाऊ बाखो गेला. त्याची गाडीही अशीच, ऑटोमॅटिक. खिंडीच्या खालच्या उतारावर ब्रेक तापून तापून लोण्यासारखे मऊ पडले आणि तिसऱ्या वळणावर गाडी दरीत गेली. तेव्हापासून लुखुमीनं एकच धोशा लावला. हाताचा गिअर पाहिजे. उतारावर गाडी गिअरनं धरायची, ब्रेकनं नाही. बोलणं खोटं नव्हतं. जुंबेरसुद्धा मान डोलावून म्हणाला, "उतारावर गिअरसारखं काही नाही." पण दारो काही दूधखुळी नव्हती. गिअरपेटी बदलली की चाक आपोआप तिच्या हातून जाणार, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. भावाच्या दुःखाआड तो आपली लाज झाकत होता. तिला राग आला, आणि मेलेल्या दिराचं नाव मध्ये असल्यामुळं तो गिळावा लागला.

लुखुमी तेल आणायला गेल्यावर ती जुंबेरजवळ गेली. तो व्हॅनखाली आडवा पडून एका भंगार जीपची गिअरपेटी नटबोल्टांनी आवळत होता.

"जुंबेरभाऊ, मला शिकवाल का ही?"

"शिकवीन की, वहिनी. लुखुमीला विचारा फक्त."

"त्याला विचारायचं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

जुंबेर सरपटत बाहेर आला, हात पुसले, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "त्यालाच अजून येत नाही. बारा वर्षं त्याचा डावा पाय झोपलाय. मी सांगितलंय, हिवाळाभर सपाटीवर चालव, वर नेऊ नकोस. ऐकेल तर शपथ."

ऐकलं नाहीच. सासूबाई, एलिको, उन्हाळाभर वर ओमालोत चीज करत होत्या, आणि खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत त्यांना खाली आणायचं होतं. शिवाय बाखोचं वर्षश्राद्ध. ते त्याच्या दगडापाशीच व्हायचं होतं, येता येता.

वर जाताना लुखुमी खुशीत होता. गिअर खरखरायचा, गाडी दोनदा हिसका देऊन बंद पडली, तेव्हा त्यानं रस्त्यातल्या खडीला शिव्या दिल्या. "बस राणीसारखी," तो दारोला म्हणाला. "आता तुला कसली काळजी?" राणीनं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून ठेवली होती.

परतीच्या दिवशी सकाळपासून आभाळ खाली आलेलं. खिंडीच्या माथ्यावर वाऱ्यात बर्फाचा वास होता. एलिको मागच्या सीटवर काळ्या कपड्यांत, मांडीवर चीजच्या पोळ्यांची परात घेऊन बसल्या होत्या. माथा ओलांडून तिसऱ्या वळणाशी आले तर बाखोच्या दगडापाशी आधीच चारपाच गाड्या उभ्या. श्राद्ध म्हटल्यावर खाली उतरणारा प्रत्येक ड्रायव्हर थांबणारच. आणि थांबलेल्या प्रत्येकाच्या पेल्याला भावानं पेला लावायचा, हे ओघानं आलंच.

"एकच घे," दारो उतरता उतरता म्हणाली.

"एकच," लुखुमी म्हणाला. त्या क्षणी ते त्याला खरंच वाटत होतं, त्यात शंका नाही.

"देव त्याला क्षमा करो," नुगझार म्हणाला, आणि सगळ्यांनी पेले उचलले. मग दुसरा बोलला. मग वरून आणखी एक गाडी आली, त्यातला उतरला आणि बाखोनं त्याला एकदा चिखलातून कसं ओढून काढलं ते सांगता सांगता रडला. तेव्हा लुखुमी पेला कसा खाली ठेवणार? एलिको दगडावर कोरलेल्या मुलाच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. दारोनं पोळ्या वाटल्या, आणि ती लुखुमीचा प्रत्येक पेला मोजत गेली. खालून ढग वर चढायला लागले होते.

शेवटी लुखुमी गाडीकडं निघाला. सरळच चालत होता, जरा जास्तच सरळ. दारोला ही चाल चांगली ठाऊक होती. आजवर ही चाल दिसली की ती हात पुढं करायची आणि तो चावी द्यायचा.

तिनं हात पुढं केला.

"काय?" तो म्हणाला. "तू चालवणार? चालव. तीन पेडलं आहेत. ओळख बरं, कुठलं कशाचं?"

ड्रायव्हर हसले. दारोचे कान तापले.

"इथंच थांबू. उतरू दे तुझी, मग निघू."

"इथं? बर्फ पडतंय बाई! रात्री आईला इथं गोठवायचंय का?"

हेही खरंच होतं. आणि बाकीचे? सगळेच प्यायलेले, आणि ज्याला त्याला आपापली गाडी न्यायची होती. दारोनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तिला त्याची लाज वाटत होती, चीड येत होती, पण सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. हा माणूस तिला हवा होता. बढाईखोर, तिरसट, झोपेत घोरणारा, पण हवा होता. एका घरातून या वळणावर दोन दगड उभे राहणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"आई, तुम्ही नुगझारच्या जीपमध्ये बसा," ती म्हणाली. नुगझार बोलका होता, पण पिण्यात त्याचा हात आखडता असतो हे तिनं बघून ठेवलं होतं. मग ती नवऱ्याकडं वळली. "तू चालव. पहिल्या गिअरला टाक, चारही चाकांच्या जोराचा तो छोटा दांडाही खाली ओढ, आणि दोन्ही पाय वर घे. गाडी माणसाच्या चालीनं उतरेल. मी पुढं चालते."

"पुढं? कुठं पुढं?"

"गाडीच्या पुढं. रस्त्यानं. रुंद रस्ता लागेपर्यंत."

नुगझारच्यानं राहवलं नाही. "वहिनी, मेंढरं हाकायला निघालात की नवऱ्याला?"

"मेंढरं परवडली. ती पीत नाहीत."

या खेपेस हसणं लुखुमीवर आलं. तो लालबुंद होऊन चाकामागं बसला. इंजिन सुरू झालं, गिअर एकदा खरखरला आणि पडला. दारो बंपरच्या पुढं सातआठ पावलांवर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि मागं न बघता चालायला लागली.

गाडी खरंच माणसाच्या चालीनं उतरत होती. मागनं इंजिनाची घरघर एकसारखी येत होती, जड, दबलेली. जोवर ती घरघर जड आहे तोवर गाडी गिअरच्या मुठीत आहे, एवढं दारोला समजलं. ढगात शिरल्यावर कडाही दिसेना आणि दरीही. नुसती पायांखालची खडी आणि पाठीला दिव्यांचा पिवळा उजेड. एकदा तिला वाटलं, बाखोच्या पुढं असं कुणी चाललं असतं तर? मग तिनं तो विचार झटकला आणि पायांखालच्या खडीवर नजर ठेवली.

पुढच्या वळणावर ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं, त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला. दारोचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आपटली.

त्याच क्षणी मागची घरघर हलकी झाली.

किती मऊ आवाज! घरापुढं गाडी उभी करून ठेवावी तसा.  ती पडलेली बघून लुखुमीनं दोन्ही पाय एकदम मारले होते. डावा बरोबर क्लचवर पडला आणि गाडी गिअरच्या मुठीतून सुटली. उजवा ब्रेकवरून निसटला. तिनं वळून पाहिलं तर दिवे मोठे होत होते, भराभर, आणि काचेआड त्याचा चेहरा पांढराफटक.  ती हातापायांवर दरीच्या काठाकडं सरकली, कारण दुसरीकडं जायला वेळच नव्हता.

लुखुमीनं चाक गरकन फिरवलं. कड्याकडं.

आधी आरसा गेला, मग दार खरवडत गेलं, मग पुढचा कोपरा एका खडकात घुसला. पत्रा असा किंचाळला की वर उभ्या असलेल्यांनीही ऐकलं म्हणतात. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. दारोच्या पायापासून चाक हातभर लांब होतं.

 मग कड्याकडचं दार उघडेना म्हणून लुखुमी दुसऱ्या बाजूनं सरपटत उतरला आणि तिच्यापाशी येऊन रस्त्यावरच बसला. त्याची सगळी उतरली होती.

"लागलं का?"

"गुडघा फुटलाय. तुला?"

"नाही." तो गाडीकडं बघत होता. "भिंतीला घातली मी."

"बरं केलंस."

"तू पुढं होतीस म्हणून, दारो." तो म्हणाला. "नाहीतर मी गिअरच शोधत राहिलो असतो. देवाशप्पथ सांगतो. इकडं वळवायचं डोक्यातसुद्धा आलं नसतं. बारा वर्षांत हिला ओरखडा नाही पडू दिला."

तिनं त्याचा हात धरला.  

ढगातून नुगझारची जीप हळूहळू खाली आली. नुगझारनं व्हॅन पाहिली आणि जीप मागंच उभी केली. एलिको उतरल्या. त्यांनी व्हॅनच्या फाटक्या पत्र्यावरून हात फिरवला, मग रस्त्यावर बसलेल्या दोघांकडं पाहिलं, मग पुन्हा पत्र्याकडं.

"कड्याला कुणी घातली?"

"मी, आई," लुखुमी खाली मान घालून म्हणाला. आता बोलणी बसणार, असं दारोला वाटलं.

एलिकोंनी वाकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि टाळूचा मुका घेतला. लहानपणी घ्यायच्या तसा, जोरात. त्यांचे हात त्याच्या केसांत तसेच राहिले.

"एवढंच तर करायचं होतं," त्या म्हणाल्या. "चाक इकडं फिरवायचं. कडा काय, सगळ्या रस्त्याला आहे. मग त्याला का नाही रे सुचलं?"

नुगझारनं टोपी काढली. लुखुमी दरीकडं न बघता बोलला.

"त्याची गाडी नवी होती ना, आई."