ऑगस्टचा शब्द

लोर्ना हॅस्केटने केस्टर स्टेट कॉलेजची जांभळी टोपी पुन्हा कागदी पिशवीत कोंबली. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या छोट्या विमानतळावर ती टोपी वीस मिनिटं टेबलावर पडून होती आणि समोर बसलेल्या नामवंत फुटबॉल प्रशिक्षक ट्रे वॅनॉयने तिला बोटही लावलं नव्हतं. त्याने गोड हसून आभार मानले, बायकोला इथली हवा मानवते म्हणाला आणि गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत बातमी फुटली होती की केस्टर स्टेटने विचारणा केल्यामुळे त्याच्या कॉलेजने त्याचा करार वाढवला आहे.

म्हणजे लोर्नाच्या खांद्यावर बंदूक ठेवून हाही मोकळा झाला. या महिन्यातला तिसरा.

केस्टर स्टेटचा फुटबॉल संघ बारापैकी दहा सामने हरला, जुन्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला आणि तेव्हापासून गावातला प्रत्येक जण क्रीडाप्रमुख लोर्नाला शहाणपण शिकवत होता. दाताच्या डॉक्टरने तिच्या तोंडात दोन्ही हात घालून आक्रमणाचे डावपेच समजावले. पाद्रीबुवांनी प्रवचन संपवून दारातच नावांची यादी हातात ठेवली. आणि निवड समितीवरचा क्लाइड ऑसमन, ट्रॅक्टर विकणारा, स्वतःचं विमान संघासाठी देणारा, एकच पालुपद लावून होता, "नाव मोठं पाहिजे." लोर्नाने एकदा दबकत ओडेल प्रुइटचं नाव काढलं होतं. "ओडेल? त्याला बघायला तिकीट कोण काढणार?" क्लाइड म्हणाला. सगळे हसले, आणि लोर्नाने विषय सोडून दिला. त्याची लाज तिला अजून वाटत होती.

"जागा आहे का गं विमानात?"

दारात तोच ओडेल उभा होता. डोक्यावर कोटाचं टोपडं ओढलेलं, हातात चंदेरी कागदात बांधलेलं काहीतरी. अठरा वर्षं तो केस्टरच्या आघाडीच्या दांडग्या पोरांना घडवत होता. चार मुख्य प्रशिक्षक आले नि गेले. प्रत्येकाने आपली माणसं आणली, पण किल्ल्या कुठे असतात हे माहीत असलेलं कोणीतरी हवं म्हणून ओडेलला ठेवलं. सध्या संघ तात्पुरता त्याच्या हवाली होता. एका नव्या खेळाडूच्या घरी तो लुइझियानात आला होता आणि कॉलेजच्या गाडीने वाटेत मान टाकली होती.

"जागाच जागा आहे," लोर्ना म्हणाली. "एक जण यायचा होता, त्याची."

ओडेलने पिशवीकडे पाहिलं आणि तिच्यामागोमाग विमानाकडे निघाला.

विमान वर गेल्यावर त्याने पुडकं उघडलं. तळलेलं चिकन होतं.

"गिड्रीबाईंनी दिलंय, त्या पोराच्या आईने. घे. सकाळपासून पोटात काही दिसत नाही तुझ्या."

"पोरगा येतोय का?"

"पोरगा तयार आहे. आईने एकच विचारलं. ऑगस्टमध्ये सराव सुरू होईल तेव्हा तुम्ही तिथे असाल का?"

"मग?"

"माहीत नाही म्हणालो."

"अरे देवा! हो म्हणून मोकळं व्हायचं, ओडेल. सगळेच म्हणतात."

"म्हणून तर तिने विचारलं. माझ्याआधी तीन कॉलेजांचे तिघं हो म्हणून गेले होते."

"मग हाकललं तुला?"

"जेवायला वाढलं. म्हणाली, कळलं की फोन करा, बुधवारी पोराला कुठल्यातरी एका कॉलेजसाठी सही करायचीय."

लोर्ना चिकन खात राहिली. तीन आठवड्यांत भेटलेल्या एकाही माणसाने तिला 'माहीत नाही' असं उत्तर दिलं नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तेवढ्यात वैमानिकाने मान वळवली. "बाई, खाली आपल्या धावपट्टीवर जत्रा भरलीय."

गावातले लोक डिसेंबरात प्रशिक्षक शोधतात ते आकाशात. क्लाइडच्या विमानाचा नंबर पोराटोरांना पाठ होता. ते कुठून उडालं, कुठे उतरलं, हे फोनवर बघत सगळे बसलेले. त्यात श्रीव्हपोर्टहून कोणीतरी दुरून फोटो टाकला होता: लोर्नाच्या मागे टोपडं ओढलेला एक धिप्पाड माणूस जिना चढतोय. झालं! वॅनॉयच्या कराराची बातमी ही हूल आहे, असं गावाने एकमताने ठरवून टाकलं. धावपट्टीशेजारी तीनेकशे माणसं, कॉलेजचा बँड, टीव्हीचा कॅमेरा, आणि सगळ्यांपुढे क्लाइड.

"मी आतच थांबतो," ओडेल म्हणाला. "गर्दी पांगली की उतरेन."

"गर्दी पांगायची नाही. दाराशी तू बसलायस, ऊठ."

तो उतरू लागला तसा बँड दणक्यात सुरू झाला. मग त्याने टोपडं मागे सारलं. आधी कर्णे थांबले, मग ढोल.

"अरे, हा तर ओडेल!"

"मागे बघा, मागून कोणी येतंय का!"

ओडेलने हात वर केला. "माणूस चुकला, मंडळी. गारठ्यात उभे राहू नका. घरी जा."

कोणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. पण स्वागताला रांगेत उभी केलेली संघाची पोरं रांग मोडून त्याच्याभोवती गोळा झाली. गाडी कुठाय, कोच? गिड्री येतोय का, कोच? एकाने त्याच्या हातातलं पुडकंच पळवलं.

क्लाइड जिन्याशी आला. "लोर्ना, कोच कुठाय?"

टीव्हीवाल्या पोरीने माइक पुढे केला. लोर्नाच्या डोक्यात वीस दिवसांचा संताप एकदम चढला.

"कोच? तुमच्यासमोरूनच तर उतरला," ती म्हणाली आणि पिशवीतली टोपी काढून ओडेलच्या हातात दिली.

"समितीने काही ठरवलेलं नाही!" क्लाइडचे कान लाल झाले.

"वीस दिवस समितीने काहीच ठरवलेलं नाही, क्लाइड. विमान तुमचं, बँड तुम्ही बोलावला. आणि आता टीव्हीवर गेलंय."

पोरांनी आरोळी ठोकली. ओडेल हसला नाही. त्याने लोर्नाच्या कोपराला धरून तिला विमानाच्या शेडमागे नेलं.

"काय केलंस हे?"

"तीन आठवड्यांपूर्वीच करायला हवं होतं."

"अठरा वर्षं टिकलो मी इथे. का, माहितेय? मी कोणाच्या डोळ्यांवर नव्हतो. आता दोन वर्षं. पोरं जिंकली तर तीन. मग मलाही नारळ."

लोर्नाला हे सुचलंच नव्हतं. आपण रागाच्या भरात एका माणसाची भाकरी पणाला लावली, हे तिला आत्ता कळलं.

"नको असेल तर सांग. आत्ता जाऊन चूक कबूल करते."

ओडेलने टोपी उलटसुलट करून पाहिली. शेडपलीकडे पोरं अजून ओरडत होती. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि फोन काढला.

"गिड्रीबाई, ओडेल बोलतोय. चिकन फर्मास होतं. तुम्ही विचारलं होतं ना... हो. असेन मी ऑगस्टमध्ये. नाही बाई, येत्या ऑगस्टचं बोलतोय. त्याच्या पुढच्याचं मला विचारू नका."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने फोन लोर्नापुढे धरला.

"त्या विचारतायत, मला नेमणाऱ्या बाई तरी ऑगस्टमध्ये असतील का?"

लोर्नाने शेडच्या कडेने पाहिलं. जिन्याशी क्लाइड फोन कानाला लावून कोणाला तरी तावातावाने सांगत होता, मोकळा हात विमानाकडे, मग तिच्या दिशेने.

"माहीत नाही, बाई," लोर्ना म्हणाली.

पलीकडे भांडी वाजली.

"बरं," गिड्रीबाई म्हणाल्या. "बुधवारी पोरगा तुमच्यासाठी सही करतो."